मोकॅसिनची टाच

ओटाहुहुच्या एका नर्सिंग होममध्ये मी नर्स आहे. तिथे एक म्हातारी होती, हॉडेनोशोनी, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मूळ लोकांपैकी. लग्न होऊन इथे न्यूझीलंडला आली, नवरा गेला, एक मुलगा उरला. हृदय थकलेलं. दिवसभर मांडीवर उशी घेऊन ती मोकॅसिनवर, मऊ कातड्याच्या जोड्यांवर, मण्यांची फुलं भरत बसायची. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझ्यासाठी. मेल्यावर घालायला." तिच्या घरी माणसाला नवे जोडे घालूनच निरोप देत. आमच्याकडे माणूस अनवाणी जातो; माझे बाबाही तसेच गेले. अंथरुणावर जोडे बघून सुरुवातीला माझ्या अंगावर काटाच यायचा.

मणीकाम मलाही येतं. माझ्या रुखवतातली ताटाभोवतीची महिरप मीच केली होती. त्याच तोऱ्यात एक पाकळी भरून दिली. तिने चष्मा वर करून पाहिलं.

"ही काय गाडीखाली आली?"

आणि सरळ उसवून टाकली. मला राग आला, चांगलाच आला. मग तिने दाखवलं: जागेपेक्षा जास्त मणी दोऱ्यात घ्यायचे, म्हणजे ओळ मध्ये उचलते आणि फूल कातड्यावर फुगून बसतं. त्यानंतर मी मुकाट्याने सुईत दोरा तेवढा ओवून द्यायचे.

फुलं पुरी होत आली तसे तिचे पाय सुजत गेले. बोटाने दाबलं की खड्डा राहायचा. जोडे पायात बसणार नाहीत, असं मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं.

"हीप्स ऑफ टाइम, ढीगभर वेळ आहे. उतरेल सूज," तो म्हणाला.

ती उतरणारी सूज नव्हती.

शेवटचा मणी बसला त्या दुपारी तिने पाय पुढे केले. चवडा कसाबसा शिरला, टाच बाहेरच. मी जोर लावला तशी ती कळवळली. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

"काप," ती मला म्हणाली. "मागून. फुलांना धक्का लागला तर भूत होऊन येईन."

मी दोन्ही टाचांची शिवण उसवली. जोडे पायात गेले, मागून उघडे. तिने मान वाकवून टाचांकडे पाहिलं.

"ह्यांत चालता येणार नाही."

"मम, तुला आता कुठे चालायचंय?" मुलगा म्हणाला.

"घरी," ती म्हणाली आणि रडायला लागली. एवढ्या दुखण्यात ती कधी रडली नव्हती. मलाही आवरेना.

थोड्याच दिवसांत ती गेली. मुलाने जोडे माझ्या हातात दिले, मीच चढवले. उसवलेल्या कडांना मी बँडेजच्या पट्ट्या शिवून ठेवल्या होत्या. त्या घोट्याभोवती घेऊन गाठी मारल्या. डाव्या पायाची जरा सैल वाटली. चालताना सुटली असती. सोडून परत घट्ट मारली.