करंगळीचा ब्रेक

घड्याळकाकांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि एकदाही एक स्क्रू उरवला नाही. याचा त्यांना भारी गर्व. त्याच गर्वानं त्यांचे तीन दिवस खाल्ले.

त्यांच्या पत्नी म्हणजे ड्रायव्हरबाई. तीस वर्षं बस चालवलेल्या. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून बाईंचा डावा हात रुसला होता. बाकीची बोटं हळूहळू वळणावर आली, करंगळी मात्र पाच महिने ढिम्म. व्यायामाचा रबरी चेंडू बाईंनी दोनदा खिडकीबाहेर भिरकावला. तेव्हा निवृत्तीनंतर हौसेनं कम्प्युटर शिकलेल्या काकांनी ठरवलं, हिच्यासाठी बसचा गेम करायचा.

गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, त्यांच्या जुनाट मशीनवर चालेना. पण त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. तो उतरवून इंजिन घरीच बांधून घेता येत होतं. काका जाड चष्मा चढवून बसले. पडद्यावर ओळी धावू लागल्या आणि मध्येच एक पिवळी सूचना उमटली. काम मात्र अडलं नव्हतं. घड्याळ असं कुरकुरलं की काका ते लगेच उघडायचे. त्यांनी काम थांबवलं, सगळं पुसलं, पहिल्यापासून सुरू केलं. असं सात वेळा!

"अहो, गाडी जरा खडखडली म्हणून कुणी डेपोत परत नेतं का?" बाई पलंगावरून कडाडल्या. "लाल दिवा लागेपर्यंत चालवा की!"

काकांनी आठव्यांदा सुरू केलं आणि या वेळी थांबवलं नाही. सहा तास मशीन घरघरलं. पिवळ्या सूचना एकशे चाळीस, लाल एकही नाही. दुपारी चारला इंजिन तयार झालं आणि काका खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

आठवड्याभरात गेमही झाला. ब्रेक त्यांनी मुद्दाम कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर ठेवला, तिथं फक्त करंगळी पोचते. नाहीच दाबला गेला तर? काकांनी कीबोर्ड बाईंपुढे सरकवला.

बाईंनी बस सुसाट सोडली. वळणावर जाड चष्म्याचा एक म्हातारा इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरला.

"अहो!" बाई ओरडल्या. बस वीतभर अंतरावर थांबली. "रस्ता बघून ओलांडता येत नाही? जन्मभर हे असंच..."

बोलता बोलता त्या थबकल्या. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या डाव्या हाताकडे बघत होते. करंगळी ब्रेकवर घट्ट बसली होती.

"उचलू नकोस," काका डोळे पुसत हसले. "मी अजून रस्त्यातच आहे."