रस्त्याचं तोंड

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगामातला ऊस संपून गाळप थांबलं, की आबा ट्रॉली धुवायला काढायचे. आबा म्हणजे आमचे वडील. चार-पाच महिने ऊस वाहून ट्रॉली चिकट झालेली असायची. फटीफटीत पाचट अडकलेलं आणि त्यात मुंग्यांचे संसार थाटलेले. विहिरीवरची मोटर चालू करून आबा पाइपानं तिला आतून-बाहेरून धूत आणि धुता धुता शिव्या घालत. आधी मुंग्यांना, मग पाचटाला, शेवटी मध्ये मध्ये लुडबुडणाऱ्या मला आणि माझ्या धाकट्या भावाला. आम्ही त्या शिव्यांची वर्षभर वाट बघायचो, कारण ट्रॉली धुतली की सहल ठरलेली असायची.

आमची सहल म्हणजे ट्रॉलीतला मुक्काम. शाळेच्या परीक्षा संपल्या की माढा तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून पहाटे निघायचं, टेंभुर्णीला हायवे ओलांडायचा आणि उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणाचं पाणी मागे पसरतं त्या काठावर, तीन दिवस राहायचं. एकदा बदल म्हणून आबांनी वनखात्याच्या बागेत नेलं होतं. तिथल्या रखवालदारानं चूल पेटवू दिली नाही. "चुलीबिगर कसला मुक्काम," असं म्हणून आबांनी तिथूनच ट्रॅक्टर वळवला आणि पुन्हा बागेचं नाव काढलं नाही.

ट्रॉलीवर लोखंडी कमानी लावून आबा ताडपत्री ताणत. खाली कडबा, कडब्यावर सतरंजी, सतरंजीवर आईच्या हातच्या वाकळा. तीन बाजू बंद आणि मागची तेवढी उघडी. मागे फाळका गुडघ्याएवढा उंच, पोरं घरंगळू नयेत म्हणून. पाण्याकाठी पोचलो की हीच ताडपत्री एका बाजूनं सोडून मांडव व्हायचा. होडीवाल्यांकडून मासे घ्यायचे, दिवसभर उथळ पाण्यात डुंबायचं, लांबवर उभे असलेले रोहित पक्षी मोजायला जायचं आणि मध्येच हिशेब चुकला म्हणून भांडायचं. भाऊ कायम माझ्यापेक्षा चार पक्षी जास्त सांगायचा.

आईला मात्र त्या तीन दिवसांतही सुट्टी नव्हती. घरची चूल तिथं तीन दगडांवर यायची, एवढाच काय तो फरक. भाकरी तीच, भांडी तीच, धूरही तोच. पण उन्हं कलली की ती पाण्यात पाय सोडून एका दगडावर बसायची आणि कुणी हाक मारली तरी पटकन उठायची नाही. घरी ती अशी बसलेली मी कधी पाहिली नाही.

जाता-येता बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. ट्रॅक्टर आबा चालवणार. त्यांच्या डाव्या-उजव्या मडगार्डवर मी आणि भाऊ. आई ट्रॉलीत, पुढच्या फळीला पाठ लावून, तोंड मागे करून. दोन गुडघ्यांत पाण्याची कळशी, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, एक हात तेलाच्या बाटलीवर. पुढं मडगार्डवर बाईमाणसानं बसायचं नसतं असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा एका पहाटे आबा मला नुसतं म्हणाले, "तू आता आईजवळ बस." मी रस्ताभर रडले. आईनं समजूत काढली नाही, की ती ओरडलीही नाही. तिनं कळशी माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "घट्ट धर, सांडंल."

त्या जागेवरून मागचंच दिसतं. ट्रॅक्टर जोरात चालला की धुरळा उठतो, आणि धुरळ्यातून एकेक गोष्ट लहान होत जाताना दिसते. पिठाची गिरणी, कालव्याचा पूल, फाट्यावरची चिंच. मला त्याचा वीट यायचा. मी सारखी ताडपत्री उचकटून मान बाहेर काढायची आणि पुढं बघायची. आई मात्र मागंच बघत राहायची. मला वाटायचं, तिला त्याचं काही नाही.

पुढं मी शिकले, सोलापुरात शाळेत शिक्षिका झाले. लग्न झालं, पोरं झाली, तरी एप्रिलातला मुक्काम चुकवला नाही. माझा नवरा आधी नाक मुरडायचा, मग तोच मासे तळायला बसू लागला. आबांचे गुडघे गेल्यावर भाऊ ट्रॅक्टर चालवू लागला आणि आबा मडगार्डवर बसून त्याला शिव्या घालू लागले. आईची जागा तीच राहिली.

मग आईचे डोळे बिघडले. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली, चहा कपाच्या बाहेर ओतू लागली. आम्ही तिला वेंधळी म्हणून हसलो. मीच जास्त हसले. शेवटी सोलापुरात डॉक्टरांना दाखवलं, तर काचबिंदू निघाला. डॉक्टर स्वच्छ बोलले. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची, थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. मी फोनवरून रोज विचारायची, "थेंब घातले का?" ती म्हणायची, "घातलं की." ते वर्ष आबांच्या आजारपणाचं होतं. त्यांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, त्यांना उठवणं-बसवणं सगळं तिनं वेळेवर केलं. स्वतःच्या थेंबांची बाटली मात्र कोनाड्यात वाळून गेली. सोलापुरात बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते.

दिवाळीच्या आधी आबा गेले. त्या उन्हाळ्यात मुक्कामाला जायची माझी इच्छा नव्हती, पण आईच म्हणाली, "त्यांनी कंदी खंड पडू दिला न्हाय." म्हणून ट्रॉली धुतली. या वेळी शिव्या घालायला कुणी नव्हतं. भाऊ मुकाट्यानं पाइप धरून उभा होता.

निघायच्या वेळी आई ट्रॉलीकडं गेलीच नाही. ट्रॅक्टरपाशी आली, मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "आज मी फुडं बसू का?"

भाऊ म्हणाला, "बस की."

आणि मी म्हणाले, "काहीतरीच काय, आई?"

माझा तो आवाज मला माहीत आहे. वर्गात पोरांनी उशिरा यायची कारणं सांगितली की तो निघतो. मी तिला समजावू लागले. आबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. टेंभुर्णीतून जायचंय, ओळखीची माणसं भेटणार, लोक काय म्हणतील? पडलीस म्हणजे? आधीच डोळ्यांनी कमी दिसतंय.

"म्हणूनच तर," आई म्हणाली. "हाय तवर बगते. ह्या रस्त्याचं तोंड मी बगितलंच न्हाय गं. नुसती पाठच बगितली."

खरं तर तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरीण गप्प बसते होय? मी तिला हिशेब समजावून सांगितला. "परत येताना तुझं तोंड पाण्याकडंच असतं ना? म्हणजे जाताना पुढं बसलेल्याला जे दिसतं, तेच तुला येताना दिसतं. एकच झालं."

आई म्हणाली, "एक कसं हुईल? येतंय ते येगळं, जातंय ते येगळं. मला समदं म्होरनं येताना बगायचंय."

"पुढच्या वर्षी बस," मी म्हणाले. तिच्या काखेत हात घालून तिला ट्रॉलीकडं नेलं आणि तिच्या मांडीवर गाठोडं ठेवलं. भावानं माझ्याकडं पाहिलं आणि ट्रॅक्टर सुरू केला.

पुढच्या वर्षी माझी निवडणुकीची ड्युटी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी भावाच्या बायकोचं बाळंतपण आलं. आईनं एकदाही विचारलं नाही. त्या दोन वर्षांत तिची नजर कडेकडेनं मिटत गेली. आधी बाजूचं दिसेना, मग समोर एक खिडकी उरली, मग फट. मी तिला सोलापुरात आणून ठेवलं, थेंब स्वतःच्या हातानं घातले, दोन डॉक्टर बदलले. आमचं सगळं वरातीमागून घोडं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिनं माझ्याकडं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. ती फुकटची होती, आणि मी ती दिली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला सांगायची गरज नाही, तो तिथंच होता.

या एप्रिलात मीच फोन करून म्हणाले, "ट्रॉली धू." भावानं ट्रॉली तर धुतलीच, शिवाय मडगार्डवर फळी बसवली, फळीवर उशी बांधली आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा वेल्ड करून घेतला. म्हाताऱ्या माणसासाठी पाळणा करावा तसं ते दिसत होतं. आम्ही दोघांनी आईला उचलून तिथं बसवलं. तिनं कठडा चाचपला, पुढं हात करून स्टिअरिंग चाचपलं आणि म्हणाली, "हितं बसायचा व्हय रं तुमी?" ती हसली, तेव्हा मला वाटलं, उशीर झाला तरी जमलं.

मी दुसऱ्या मडगार्डवर बसले. तांबडं फुटलं होतं. मी ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडून तिला सांगू लागले. आई, समोर गिरणी येतीय. आई, डाव्या हाताला ज्वारीचं रान आहे, काढणी झालीय. आई, आता शाळा येतीय, भिंती निळ्या रंगवल्यात. आई, समोरून बैलगाडी येतीय, म्हातारा आपल्याकडंच बघतोय. येतीय, येतोय, येतंय. मी एक गोष्ट सोडली नाही. आई मान डोलवत होती. टेंभुर्णीतून जाताना ओळखीच्या एकानं हात केला. काही म्हणाला नाही कुणी, नुसता हात केला.

हायवे ओलांडून थोडं गेल्यावर आईनं भावाच्या दंडाला हात लावला. "जरा थांबीव."

भावानं ट्रॅक्टर कडेला घेतला. मी म्हटलं, "काय झालं? भीती वाटली का? चक्कर येतीय?"

"न्हाय," ती म्हणाली. "मला मागं बसव."

"अगं, पण तुला पुढंच बसायचं होतं ना?"

"हितनं मला काईच दिसंना," ती म्हणाली. रागानं नाही, तक्रारीनंही नाही. "तू सांगतीस ते ऐकायला येतंय, पर डोळ्यापुढं येत न्हाय. हितनं मी कंदी काय बगितलंच न्हाय, तर येनार कुटनं? मागं बसले की समदं दिसतंय."

भाऊ खाली उतरला आणि पलीकडं तोंड करून चाकातल्या हवेकडं बघत उभा राहिला. मी आईला उतरवलं. ट्रॉलीत चढवल्यावर तिला धरायची गरज पडली नाही. फाळक्यावरून आत गेली, कमानी हातानं मोजत पुढच्या फळीपर्यंत पोचली आणि पाठ लावून बसली. हात आपोआप गुडघ्यांमध्ये गेले. मी कळशी उचलून तिथं ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं. ते तिला कळू नये म्हणून मी तोंडावर पदर धरला, आणि मग लक्षात आलं की त्याची गरज नाही.

ट्रॅक्टर चालू झाला. जरा वेळानं आई बोलू लागली. "हे उसाचं रान गेलं. ही हीर गेली, हिला कठडा न्हाय." ती खड्ड्यांवरून आणि वळणांवरून ओळखत होती. सांगत होती ते सगळं त्याच क्रमानं आमच्यामागं धुरळ्यात लहान होत जात होतं. पुढं दोन धक्के बसले. "कालवा," ती म्हणाली. "आता फाटा. चिंच गेली बग."

फाट्यावर चिंच नव्हती. गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना ती तोडली आणि बुंधासुद्धा उपटून नेला. पुढं बसून तिला रस्ता सांगताना, फाटा आला की चिंचेचं काय सांगायचं, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. आता तिच्या शेजारी बसून मागं बघताना मला नुसता रुंद, मोकळा रस्ता दिसत होता, आणि मागून वर आलेला सूर्य सरळ माझ्या डोळ्यांत येत होता.

"रस्ताभर सावली पडली आसंल, न्हाय?" आईनं विचारलं.

मी डोळे बारीक करून तिचा हात धरला.

"व्हय," मी म्हणाले, "लई पडलीया."