साजिदने केलेला अंधार

जळगाव जामोदच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान दुकानाचे मालक सेठजी ओरडले की झाडली जाते. किस्से मात्र चहा आला की कुणीतरी उकरतंच! त्यातले निम्मे माझ्यासोबत काम करणाऱ्या एकट्या साजिदच्या खात्यावर आहेत.

ज्या साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची वाट लावली, त्या साली एका शेतकरी गटासाठी आम्ही तक्रार नोंदवायचं वेबपेज केलं. ते भरायला लोक दुकानातच यायचे आणि एवढे रकाने बघून गांगरायचे. म्हणून साजिदने जावास्क्रिप्टची एक इवलीशी लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, त्यात बसवली. भरायचा तेवढाच रकाना उजळ, बाकी सगळं पान काळोखात. 'पुढे' दाबलं की उजेड पुढच्या रकान्यावर. साजिद खुर्चीत रेलून म्हणाला, "आता कोनी चुकून दाखवा!"

*

त्यानंतर पहिलेच आलेले काका पान काळं होताच उठले. "लाईन गेली. उद्या येतो."

"काका, पंखा फिरून राह्यला ना डोक्यावर!"

काकांनी वर पाहिलं. "तो आधीच्या जोरावर फिरून राह्यला. थांबन आता."

आणि पंखा थांबायची वाट बघत ते बराच वेळ दारात उभे राहिले. आम्हीही मग उगाच वर बघत बसलो!

*

सेठजींना तर हा अंधार डोळ्यांसमोर नको होता. "काऊन बे साजिद, गिऱ्हाइकानं पुऱ्या पानाचे पैसे देल्ले ना? मंग एकच डबा काऊन चमकते? सारे चमकव!"

साजिदने मान डोलावली आणि लायब्ररीच बंद करून पान दाखवलं.

सेठजी खूश! "पाह्यलं? याले डोकं लागते."

ते जेवायला घरी गेले आणि साजिदने लायब्ररी परत चालू केली.

*

एकदा साजिदच्या हातून गडबड झाली. 'पुढे'चं बटणच अंधारात गेलं आणि उजेड 'वडिलांचे नाव' या रकान्यावर अडकला. आम्ही दोघं चहाला गेलेलो. समोर बसले होते एक म्हातारबाबा.

बाबांनी वडिलांचं नाव टाकलं. उजेड हलेना. एवढ्याने सरकारचं समाधान होत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी आजोबाचं टाकलं. मग पणजोबाचं. आम्ही परतलो तेव्हा बाबा घामाघूम!

"पोट्टेहो, याच्यावरचं मले मालूम नाई. आमच्या भाटाले फोन लावा, त्याच्या वंशावळीच्या वहीत असन."

*

हा अंधार मनापासून आवडला तो फक्त जनार्दनभाऊंना. त्यांची कपाशी वरून हिरवीगार होती, आणि बोंडं आतून पार किडलेली. नुकसानीच्या पाहणीला आलेले कृषी खात्याचे साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काचेतूनच बघितलं आणि 'पीक उत्तम' लिहून गेले. भाऊंनी पुन्हा तक्रार केली, फेरपाहणी मिळाली. पण ही शेवटची. याही वेळी साहेब गाडीतच बसून राहिले, तर भरपाई नाही आणि वर्षाची मेहनत मातीत. आम्हालाही भाऊंची फार काळजी वाटत होती.

भाऊ मात्र स्क्रीनकडे टक लावून म्हणाले, "बेस हाय हे! मानसाले दुसरीकडं पाह्यताच येत नाई."

पाहणीच्या दिवशी मी आणि साजिद शेतावर गेलो, तर रस्त्याच्या कडेने बांबू ठोकून काळ्या ताडपत्र्यांची भिंतच उभी! गावातली एकही ताडपत्री घरात राहिली नसावी. मधोमध एक चौकोन मोकळा. त्या चौकोनात कपाशीचं एकच झाड. साजिदने कपाळावर हात मारला.

साहेबांची गाडी आली, हळू झाली, थांबली. काच खाली झाली. साहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं काळं बघितलं, मग दार उघडून तणतणत खाली उतरले आणि थेट झाडापाशी आले.

"अहो, हा काय तमाशा? बाकीचं शेत कुठं गेलं?"

जनार्दनभाऊंनी त्या झाडाचं एक बोंड तोडलं, फोडलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"बाकीचं तुमी मांगच्या खेपेले पाह्यलं ना, साहेब. येवढंच राह्यलं होतं."