बस चार्ज होते तेव्हा ड्रायव्हर कुठे असतो

पोलंडमधला एखादा ट्रक ड्रायव्हर कुठे थांबला आणि किती वेळ थांबला, हे म्हैसूरमधल्या हेब्बाळच्या ऑफिसात बसून मला कळतं. तुम्हाला रोज कामावर नेऊन सोडणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला काय कळतं?

माझं काम तसं कंटाळवाणं आहे. युरोपातल्या ट्रकांमध्ये एक यंत्र असतं. चाक फिरलं की ते नोंद करतं, थांबलं की तेही नोंदवतं. या नोंदी वाचणारं सॉफ्टवेअर आम्ही तपासतो. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायचीच. घेतली नाही तर त्या ड्रायव्हरची ओळ पडद्यावर लाल होते. आम्हाला शिकवायला तिकडची एक बाई व्हिडिओवर यायची. तिने एकदा सांगितलं, की आठवड्याची मोठी विश्रांती ट्रकच्या कॅबिनमध्ये घेतलेली चालत नाही. नीट पलंग हवा, आंघोळीची सोय हवी.

"मग आपल्याकडचे सगळेच लाल!" माझ्या शेजारचा म्हणाला, आणि खोलीभर हशा पिकला.

मला हसू आलं नाही. माझे अप्पा त्या वेळी खाली पार्किंगमध्ये, बसच्या शेवटच्या सीटवर पाय दुमडून झोपलेले होते. ते आमच्याच कंपनीच्या बसवर आहेत. कंपनीचे नव्हेत, कंत्राटदाराचे. सकाळी बोगादीहून आम्हाला हेब्बाळला आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. मधली दुपार त्यांची.

त्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. हा नियम दयेपोटी केलेला नाही, ती म्हणाली. जो मालक ड्रायव्हरला झोपू देत नाही, तो भाडं कमी लावू शकतो आणि नीट वागणारा मालक धंद्यातून बाहेर फेकला जातो. म्हणून सगळ्यांना एकच नियम. हे ऐकताना मला आमचे दोड्डप्पा आठवले. दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. कारखान्यात युनियनची पत्रकं ते कन्नडमध्ये लिहायचे आणि छापायच्या आधी मला, शाळकरी पोरीला, आमच्या घरच्या मराठीत सांगायला लावायचे. मी अडखळले की ते वाक्य खोडायचे. "तुला कळलं नाही म्हणजे माझंच चुकलं," म्हणायचे. मी गोष्टी ऐकून झोपणारी मुलगी नव्हते. मागण्या ऐकून झोपायचे.

युरोप म्हणजे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. लाल ओळी मी रोज बघते. तिकडेही गरीब देशातले ड्रायव्हर श्रीमंत देशाच्या रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून राहतात, म्हणून तर हे नियम करावे लागले. आपल्याकडेही मोटार कामगारांच्या तासांचा कायदा आहे. फक्त त्याची लाल ओळ कुणाच्या टेबलावर उमटत नाही.

मग इलेक्ट्रिक बस आली.

कंपनीने ठरवलं, की येण्याजाण्यातला धूर कमी करायचा. कंत्राटदाराने नव्या बस आणल्या आणि पहिली अप्पांना दिली, कारण त्यांचा हात हलका. आईने बसला कुंकू लावलं. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू? बोगादीच्या रस्त्यावर आमच्या जुन्या बसमागे उभं राहिलेल्या स्कूटरवाल्यांची तोंडं मी पाहिलेली होती.

पण नवी बस दुपारी चार्जिंगला लावावी लागते. जुन्या बसमध्ये अप्पा झोपायचे तीच वेळ. बस वायरीला लागली की सुपरवायझर म्हणायचा, "अण्णा, मोकळेच आहात ना? जरा पाहुण्यांना सोडून या." गोकुलममध्ये योग शिकायला आलेले परदेशी, कधी विमानतळ, कधी राजवाडा. अप्पा दुसरी गाडी घेऊन निघायचे आणि संध्याकाळी आमच्यासाठी धावत परत यायचे. बसची विश्रांती ठरलेली होती. ती दिली नाही तर बस चालतच नाही. अप्पा चालत होते.

"जुनी गाडी थरथरायची ना, चालवताना झोप यायचीच नाही," ते एकदा जेवताना आईला म्हणाले. "ही पाळण्यासारखी जाते गे."

आई हसली. माझा घास तोंडातच राहिला.

त्यानंतर मी बसमध्ये त्यांच्या मागच्याच सीटवर बसू लागले. मैत्रिणी मागे बोलवायच्या, मी जायची नाही. मला त्यांची मान बघायची असायची. मान खाली जाते का, आरशातले डोळे मिटतात का. एका सकाळी रिंग रोडवर बस हळूच डावीकडे सरकली. जोरात नाही. कुणी दार लोटावं तितकी. एक दुचाकीवाला किंचाळत बाजूला झाला. अप्पांनी बस सावरली आणि खिडकीतून ओरडले, "ए, कण्णु काणल्वा? डोळे घरी ठेवून आलास का रे?"

मागे सगळे मोबाइलमध्ये होते. कुणीही मान वर केली नाही. मी मात्र आरशात त्यांचे डोळे पाहिले. ते मला बघत होते, मी पाहिलं का ते बघत होते.

घरी मी विषय काढला.

"सुम्ने, गप्प बस गे," अप्पा म्हणाले. "पाळीत इकडेतिकडे होतंच. आयुधपूजा आली. त्या दिवशी आराम."

आमच्या घरात हे खरं आहे. आम्ही मूळचे म्हैसूरच्या घोडदळातले. आयुधपूजेला घोडा धुवायचा, पुजायचा, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्यावर कुणी बसायचं नाही, अशी चाल. घोडे गेले, चाल राहिली. अप्पा गाडीची चावी देवापुढे ठेवतात आणि विजयादशमीच्या सकाळीच उचलतात. कितीही भाडं येवो, चावी हलत नाही. मी त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसले.

आयुधपूजेला सकाळी बसला झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. अप्पांनी चावी देवापुढे ठेवली. ते जेवायला बसले तोच सुपरवायझरचा फोन. दसऱ्याची गर्दी. एक कुटुंब उटीला निघालंय, टेम्पो ट्रॅव्हलर तयार आहे, ड्रायव्हर नाही.

"जातो," अप्पा म्हणाले.

"आज?" मी ओरडलेच. "आज चावी उचलायची नसते!"

"माझी चावी तिथेच आहे, बघ." त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "ती गाडी मी पुजलेली नाही. तिची चावी त्याच्याकडे आहे. चाल कुठे मोडली?"

"चाल घोड्याची आहे, मग माणसाचं काय, अप्पा?"

"माणसाची चाल आपल्याकडे नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

यात त्यांना काही चुकीचं वाटत नव्हतं. आईलाही नाही. ती देव्हाऱ्यातल्या चावीकडे समाधानाने बघत होती. वाहनाला सुट्टी मिळाली होती, देवाचं देवाला पोचलं होतं. त्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखं पहाटे उठून बस धुतली होती. आदल्या दिवशीची दुपार विमानतळावर गेली होती. हे सगळं मी भराभर सांगत होते आणि ते चपला घालत होते.

"हात जोडते, घाटाच्या आधी झोपा जरा," मी म्हणाले.

"बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री बंद होतो. त्याआधी पलीकडे जायला हवं." आणि हसून म्हणाले, "तू तुझ्या पोलंडवाल्याला बघ."

ते गेले. जंगलात फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले. आई म्हणाली, "रेंज नसते गे, होगली बिडु, जाऊ दे." पण तीही पुऱ्या तळताना थांबून फोनकडे बघायची. उटीचा घाट मी शाळेच्या सहलीत पाहिला होता. एकामागून एक वळणं, आणि वळणावर वर येणाऱ्याला वाट द्यायची. मी डोळे मिटले की मला ती सरकणारी बस दिसायची. दार लोटावं तितकी. रिंग रोडवर तितकी जागा होती.

तिन्हीसांजेला अप्पांचा फोन आला. पोचलो, एवढंच म्हणाले. पण पोचणं म्हणजे अर्धंच. उतरायचं अजून बाकी होतं.

विजयादशमीला गावभर लोक मिरवणूक बघायला गेले. आम्ही दोघी घरीच होतो. अप्पा दिवेलागणीला आले. हातात वर्कीचा पुडा, उटीची खारी बिस्किटं. गाडीत झोपलो, म्हणाले, पाहुण्यांच्या हॉटेलात ड्रायव्हरला खोली नव्हती. आईने चहा ठेवला. तो होईपर्यंत ते खुर्चीतच झोपले. पुडा मांडीवरून घसरला तरी त्यांना कळलं नाही. दुसऱ्या सकाळी बोगादीची बस त्यांचीच होती.

मी दोड्डप्पांसारखं एक पत्रक लिहिलं. बसमध्ये बसण्याआधी ड्रायव्हरला विचारा, तुम्ही नीट झोपलात का, असं. सकाळी निघण्याआधी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "मला विचारलंत तर मी झोपलो असंच सांगेन. कुठलाही ड्रायव्हर तेच सांगेल. नाही म्हणणाऱ्याच्या जागी दुसरा आणतात, मग नाही म्हणणाऱ्याला कोण खायला घालणार?"

"मग कुणाला विचारायचं?"

"मला जो पाठवतो त्याला. पण तो माझं ऐकत नाही." त्यांनी देव्हाऱ्यातली चावी उचलली. "तुमचं ऐकेल. तुम्ही सगळे त्याचं गिऱ्हाईक, अल्वा, हो ना?"

ते पत्रक मी फाडलं. हे दुसरं लिहिलं आहे.

तुम्ही कंपनीच्या बसने जात असाल, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवत असाल, सहलीची गाडी ठरवत असाल, तर ड्रायव्हरला काही विचारू नका. बस पाठवणाऱ्याला विचारा, आणि लेखी विचारा: हा माणूस मधल्या वेळात कुठे होता? त्याला झोपायला खोली आहे का? बस चार्ज होताना त्याला दुसऱ्या गाडीवर धाडायचं नाही, हे करारात लिहिलं आहे का? एकट्याने विचारू नका, बसमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एकाचंच नाव असलं की ड्रायव्हरनेच सांगायला लावलं असं धरतात आणि ते त्याच्यावर शेकतं. आणि उत्तर येईपर्यंत उद्याही विचारा, परवाही विचारा.