उचकी आणि तिसरी पुडी

आधी अनसूयाकाकूंचं नाव लिहिते, म्हणजे घाईत राहून जायला नको. बेलापुरात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि त्यांच्याच हातचा डबा खाते. आज हे लिहायला मी आहे, ती त्यांच्यामुळे.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. भित्री तर मी पहिल्यापासून... कुत्रं, साहेब, गेलेली लाईट, सगळ्याला भिते. पण उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, असलं कधी मानलं नाही. आई म्हणायची तेव्हा हसायचे.

तर पेठेच्या मागे आमचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, आठ मशिनींचा. शनिवार, दुपारचे साडेचार. काकू चार दिवसांसाठी लेकीकडे जामखेडला गेलेल्या, म्हणून डबा नाही, आणि मी सकाळपासून नुसत्या चहावर. डोकं ठणकत होतं. स्टँडजवळच्या टपरीवरून डोकेदुखीच्या पावडरच्या तीन पुड्या आणल्या होत्या. पहिली फाडली, जिभेवर टाकणार — तोच उचकी! सगळी पावडर शेजारच्या मशिनीवरच्या रुबीनाच्या हातातल्या निळ्या फ्रॉकवर.

उचकी काही थांबेना. रुबीना म्हणाली, नाव घे कुणाचं तरी. आईचं घेतलं, दादाचं घेतलं. मग मला बघून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, त्या मुलाचं तिनेच सुचवलं — तेही घेतलं. बायका मशिनी थांबवून हसत होत्या. तेवढ्यात मी दुसरी पुडी फाडली, ती उडाली थेट कापड कापणाऱ्या मास्तरांच्या चहात. मास्तरांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा मोरीत ओतला. "आता माझं डोकं दुखाया लागलं," म्हणाले.

शेवटी रुबीना म्हणाली, काकूंचं घेऊन बघ. मी म्हटलं, त्या नातवात रमल्या असतील, माझी कशाला आठवण काढतील... तरी घेतलं. आणि उचकी बंद. नळ बंद करावा तशी.

मी खुशीत तिसरी पुडी हातात घेतली — आणि फोन वाजला. काकू.

"मी यष्टीत हाय, नगर सोडलं. मी येईस्तोवर तोंडात काय घालू नगंस."

का, ते विचारायच्या आत रेंज गेली. काकूंचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही. पुडी पर्समध्ये ठेवली. सातच्या आत काकू घरी. हातपाय न धुताच त्यांनी गॅस पेटवला, पिठलं-भाकरी वाढली, आणि चार घासांत माझं डोकं दुखायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच पावडरीने आसपासच्या गावांतली पाच माणसं दवाखान्यात होती. एक आजोबा घरी परत आले नाहीत. कुणीतरी पुड्या उघडून, आत काहीतरी मिसळून पुन्हा चिकटवल्या होत्या. माझी तिसरी पुडी पोलिसांनी नेली, तिच्यातही विष निघालं. कुणी केलं, का केलं, आजपर्यंत सापडलेलं नाही. मास्तर मात्र तेव्हापासून पहिला कप मला देतात, मी घोट घेतला की मगच स्वतः पितात.

उचकीबद्दल डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी पित्त झालं की लागते. बरं, मानलं. पण काकू दोन दिवस आधीच का निघाल्या? विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी गहू निवडत हुते, तुझा रिकामा डबा डोळ्यापुढं आला. म्हनलं, पोर उपाशी असंल."

"मग काकू, खा म्हणायचं ना... तोंडात काही घालू नको, असं का म्हणालात?"

काकूंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "त्येच मला बी कळंना झालंय."

मलाही नाही कळलेलं. आता रोज साडेचारला मी मुद्दाम त्यांची आठवण काढते. परवा रागावल्या — बास कर गं, उचकीनं परातीतलं पीठ उडालं.

काकू, हे तुम्हाला रुबीना वाचून दाखवेल. एक दिवस तुम्हाला रेल्वेने आमच्या गावी नेईन, आईच्या शेजारी पाटावर बसवीन, आणि भात मी वाढीन. त्या दिवशी तुम्ही उठून कुणालाही वाढायचं नाही.