फेब्रुवारीत मोजलेला उन्हाळा

इमारती थंड कशा ठेवायच्या, याचा तो वर्षभराचा कोर्स दुबई मरीनात एक डॅनिश संस्था चालवायची. शिकवणारे डॅनिश, वर्गातले बरेचसे डॅनिश, आणि मी अल रीम आयलंडहून दर शनिवारी शंभरेक किलोमीटर गाडी हाणत येणारी चाळिशीतली पुणेकर इंजिनिअर.

पहिल्याच दिवशी मी शिक्षकांना सर म्हटलं, तर म्हणाले, नावानं हाक मार. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. नाव काही तोंडातून निघेना. शेवटी वर्षभर 'एक्सक्यूज मी'वर भागवलं. बरं, काही विचारलं तर सरळ उत्तर नाही. टेबलावर बसून, पाय हलवत, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं ते ऐकायला मी एवढ्या लांब येत होते का?

प्रोजेक्टसाठी जोडीदार मिळाला तोही डॅनिश, तिशीतला, शांत. जेवणाच्या सुट्टीत मी थालीपिठाचा डबा पुढे केला, तर नको म्हणाला. मी आपल्या पद्धतीनं आग्रह केला. त्यानं गोंधळून विचारलं, मी नाही म्हटलं ते ऐकू आलं नाही का? डबा मी मुकाट्यानं मागे घेतला.

आमचा विषय होता रास अल खैमातली एक शाळा. तिच्या खिडक्यांना सावली केली तर वर्ग किती थंड राहतील, हे शोधायचं. शाळेची परवानगी मिळाली ती फेब्रुवारीत, म्हणून तापमान मोजलं फेब्रुवारीत. उन्हाळ्याचे आकडे त्यावरून काढले आणि अहवाल मी झकास लिहिला.

तोंडी परीक्षा दोघांची एकत्र होती. समोर आमचे शिक्षक आणि बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई. मी पाठ करून गेले होते. बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात हा मधेच म्हणाला, "उन्हाळ्याबद्दल आम्ही लिहिलंय तो निव्वळ अंदाज आहे. त्यावर फार विसंबू नका."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. आपल्याकडे कुणीही समजला असता. यानं खाली वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तू मला लाथ का मारलीस?"

मी म्हटलं, चुकून लागली. बाईंनी शांतपणे विचारलं, त्याचं म्हणणं बरोबर आहे का? नाही कशी म्हणणार? मग मी चिडून, पाठ केलेलं सोडून, इथला ऑगस्ट कसा असतो तेच सांगितलं. पश्चिमेची भिंत दिवेलागणीनंतरही हाताला चटका देते, नुसत्या सावलीनं तिथे काही होत नाही. शिक्षक आणि बाई, दोघंही पुढे सरकून ऐकू लागले.

निकालात त्याची श्रेणी माझ्याहून वरची. मी शिक्षकांना गाठलं. ते म्हणाले, "भिंतीचं तू सांगितलंस ते फार चांगलं होतं. अहवालात का नव्हतं?"

"कारण मोजलेल्या आकड्यांवरूनच लिहा असं तुम्हीच सांगितलं होतंत."

ते म्हणाले, हो, तेही खरं आहे. श्रेणी मात्र तीच राहिली.

घरी येऊन तणतणत सगळं सांगितलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "बट आई, युअर पार्टनर वॉज राइट." नवरा तोंड फिरवून हसला. मी म्हटलं, खलास, हा विषय पुन्हा या घरात नको.