तीन राण्यांची खातरी

माझ्या मोठ्या जावेला काहीही सांगा, ती 'बरं' म्हणायची नाही. म्हणायची, "खातरी काय?" फाट्यावर एसटी दिसली की बाया पिशव्या उचलायच्या. ही बसलेलीच. "बाई, उठा, मोताळ्याची गाडी आली." "खातरी काय?" पाटी वाचता येत नव्हती, म्हणून चार जणांना विचारायची, आणि त्यातले दोघे तिच्या मते खोटारडे असायचे. तोवर गाडी निघून जायची. गाव तिला खातरीबाई म्हणायचं. मी बाई म्हणायचे. तोंडावर तुम्ही, मागं ती. इथं मागंच लिहिते आहे, म्हणून ती.

दळणाचा डबा तिनं कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. गुडघे गेले होते, तरी दळण होईपर्यंत गिरणीत उभी. पडणारं पीठ चिमटीत धरून बघायची. "वच्छले, आधी कोनाची ज्वारी दळली वं? मह्या गव्हात आली." गिरणीवाल्याची बायको वच्छला हसायची. "काकू, बसा ना घडीभर. पीठ काय पळून जाते?"

"पळत नाही. पळवतेत."

घरी आली की गुडघे शेकत कण्हायची. आमची भिंत एकच, मला सगळं ऐकू यायचं. एकदा म्हणाली, "घरची चक्की असती तं मरेपर्यंत कोनाच्या दारात उभं राहा लागलं नसतं." तिनं काही हवं म्हटल्याचं मी ऐकलं ते एवढंच.

माझ्यावरही तिचा संशय होता. दोन भाऊ वेगळे निघाले तेव्हा तिच्या माहेरची पितळेची परात हरवली. ती मीच दडवली, असं तिनं धरलं. माझ्या घरी आली की चहाच्या आधी तिची नजर फळीवर जायची. मी घेतली नव्हती. पाच-सहा वेळा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पस्तीस वर्षं तिनं माझ्या फळ्या तपासल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं पत्ते खेळतात. गडी पत्ते कुटतात, बाया झोके घेतात. तीन वर्षांपूर्वी महिला मंडळानं बायांचीही तीनपत्तीची स्पर्धा ठेवली. पैसे नाहीत, चिंचोके. जिचे संपले ती उठली. शेवटी उरेल तिला घरगुती पिठाची चक्की. बाईनं पहिलं नाव दिलं. पण आधी चक्कीचं खोकं उघडायला लावलं. आत चक्की आहे की विटा, ते पाहिलं आणि मगच बसली.

ती ब्लाइंड खेळायची, म्हणजे आपली पानं न पाहता. "पाह्यली का तोंड बोलते," म्हणायची. दुसऱ्या बाया पानं पाहत, आणि ही त्यांची तोंडं. एसटीची पाटी न वाचता येणारी बाई तोंडं मात्र भराभर वाचायची. दुपार कलली तोवर दोघीच उरल्या, बाई आणि वच्छला. मी लवकर बाद झाले होते, म्हणून पानं वाटायला मला बसवलं होतं.

त्या डावाला मी पानं पिसली आणि काटायला, म्हणजे मधून उचलून वरखाली करायला, वच्छलापुढं धरली. तिनं काटली नाहीत, नुसतं बोट टेकवलं. मी वाटली. वच्छलानं आपली पाहिली आणि चिंचोक्यांचा एवढा ढीग पुढं लोटला, की बाईनं एक तर होते तेवढे सगळे टाकायचे, नाही तर डाव सोडायचा. त्या दिवशी बाईनं पहिल्यांदा पानं उचलली. एकेक कोपरा वर केला. मला शेजारून दिसलं. तीन राण्या. त्यांच्यावर फक्त तीन बादशा, नाही तर तीन एक्के.

वच्छला म्हणाली, "काकू, टाका ना. का मुहूर्त पाहून राह्यल्या?" बाया खिदळल्या.

बाईनं तिच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "वाटले कोनं?"

"म्या."

"अन् काटले?"

"वच्छलीनं बोट लावलं ना."

"हाव. बोट लावलं."

तिचा हात दोनदा चिंचोक्यांवर गेला आणि दोनदा मागं आला. एकदा तिनं खोक्याकडं पाहिलं. मग पानं पालथी टाकली. "पॅक."

वच्छलानं हसत आपली पानं उलटली. नव्व्यांची जोडी. मी राण्या गुपचूप गड्डीत मिसळल्या. बाईचे उरलेले चिंचोके पुढच्या दोन डावांत गेले आणि चक्की गिरणीवाल्यांच्या घरी गेली. तिथं ती अजून खोक्यातच आहे. चौथ्या दिवशी बाई डबा घेऊन त्याच गिरणीत उभी होती.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. गोळी दिली की आधी पाकीट मागायची, वाचता येत नसलं तरी. एक दिवस तिची सून बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "खरं सांग. त्या दिसी पत्ते लावले होते ना तुनं?"

आता लपवून काय करायचं? "हाव. लावले होते."

"मले दिसलं होतं. पिसतानी वरचा गड्डा हालला नाही."

"मंग चिंचोके टाकले काऊन नाही, बाई? चक्की घरी आली असती."

"लावले ते दिसलं. कोनासाठी लावले, त्याची खातरी नव्हती. मले राण्या देल्या म्हणजे वच्छलीले बादशा देले असतीन, असं वाटलं."

"तुमच्यासाठीच लावले होते. रोज तुमचं कण्हणं ऐकू ऐकू माहे कान किटले होते."

आता विचारेल, खातरी काय. मी वाटच पाहत होते. तिनं विचारलं ते दुसरंच. "अन् परात?"

"नाही घेतली, बाई."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

आठ दिवसांनी ती गेली. ते 'बरं' पटलं म्हणून म्हणाली, की थकली म्हणून, याची मला अजून खातरी नाही.